ताईचा उजवा गुडघा

माझी मोठी बहीण सरकारी नोकरीत होती आणि तिनं लग्न केलं नव्हतं. नात्यात तिची ओळख याच दोन गोष्टींनी करून दिली जायची. मला कोणी विचारलं असतं तर मी वेगळंच सांगितलं असतं. मी सांगितलं असतं की ती चालायची. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या घरापासून कलेक्टर कचेरीपर्यंत ती पायी जायची, पायीच यायची, आणि चहा झाला की बूढा तलावाच्या काठानं एक फेरी मारून यायची. तिच्याबरोबर जायचं म्हणजे मला अर्धं चालावं, अर्धं धावावं लागे. "काहून मागे राहून राहिली?" एवढं ती मान न वळवता विचारायची आणि पुढे निघायची.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याकडून इकडे आले, तेव्हापासून आम्ही रायपूरचेच. घरात आमची वऱ्हाडी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. आई-बाबा गेल्यावर ताई त्याच भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर एकटी राहिली. माझं सासर ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे तिच्या पायांनी दहा मिनिटं आणि माझ्या पायांनी त्याहून बरंच जास्त.

छत्तीसगढ राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि ताईची बदली मंत्रालयात झाली. मंत्रालय म्हणजे तेव्हा एका जुन्या सरकारी दवाखान्याची इमारत होती. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरशा, आणि जिथे खाटा असायच्या तिथे टेबलं. ताईला त्याचं हसू यायचं, पण अभिमानही होता. नव्या राज्याचे पहिले कागद आपल्या हाताखालून गेले, असं ती पाहुण्यांना सांगायची. पुढे मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपूरला गेलं आणि तिचं पायी जाणं संपलं. कर्मचाऱ्यांची बस असे. त्या बसची पहिली पायरी उंच होती. दांडा धरून उजवा पाय वर घेताना तिच्या गुडघ्यातून पहिल्यांदा कळ गेली, ती त्या पायरीवर.

निवृत्त होईपर्यंत तिनं ते दुखणं रेटलं. तेल झालं, शेक झाला, सुया झाल्या. मग जिना उतरताना ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरू लागली, आणि तलावाची फेरी निम्म्यावरून परत येऊ लागली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि गुडघ्यातली गादी उरलेलीच नाही, सांधा बदलावा लागेल असं सांगितलं. डॉक्टर चाळिशीतले, हसरे, घाई न करणारे होते. आम्हाला ते आवडले. रक्तदाब, साखर, कुठल्या औषधाची रिअॅक्शन येते का, हे सगळं त्यांनी विचारलं. औषधाची रिअॅक्शन ताईला कधी आली नव्हती, तसं तिनं सांगितलं. "आंटी जी, थोड़े दिन की बात है, फिर आप मुझसे तेज़ चलेंगी," असं ते म्हणाले, आणि ताईनं त्यांच्या बुटांकडे बघून मान हलवली, जणू शर्यत तिला मंजूर होती.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर देऊन उभं केलं. घरी आल्यावर फिजिओथेरपीची मुलगी यायची, ती सांगेल त्याच्या दुप्पट व्यायाम ताई करायची. मी शाळेत शिकवायची, शाळा सुटली की तिच्याकडे जायची. पहिल्या महिन्यात ती खरंच आनंदी होती. डोंगरगडच्या देवीच्या पायऱ्या नवरात्रात पुन्हा चढायच्या, रोप-वेनं जायचं नाही, असं तिनं मला बजावून ठेवलं होतं.

मग गुडघा सुजला. थोडी सूज राहतेच, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही वाट पाहिली. पण सूज उतरायच्या ऐवजी वाढली आणि वरून हात ठेवला तर ताप आलेल्या कपाळासारखं लागायला लागलं. टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी लाल पुरळ उठलं. ते नडगीवर उतरलं आणि तिथून मांडीपर्यंत चढलं. ताई खाजवून खाजवून कातडी सोलायची, मग त्यावर ओलं फडकं टाकून बसून राहायची.

"वरून नाही गं," ती मला म्हणाली. "मले आतून जळून राहिलं. जिथं ते लोखंड बसवलं ना, तिथून."

डॉक्टरांना आधी भीती वाटली ती इन्फेक्शनची. त्यांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं. त्यात काही निघालं नाही. रक्तातही काही निघालं नाही. तरी सावधगिरी म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं, त्यानं तिचं पोट बिघडलं आणि जेवण सुटलं. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा काही निघालं नाही. एक्स-रे तर दर वेळी सुंदर यायचा. डॉक्टर तो आमच्यासमोर धरून दाखवायचे: काळ्या पडद्यावर पांढराशुभ्र सांधा, जिथे असायला हवा बरोबर तिथे. अगदी नीट बसला आहे, ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

एकदा परत येताना ऑटोत ताई म्हणाली, "फोटोतला गुडघा बरा आहे. मग फोटोलेच चालू दे."

तेव्हा आम्ही दोघी हसलो. पुढे हसण्यासारखं राहिलं नाही. पाय वाकवला की आग व्हायची म्हणून ती वाकवेना. वाकवला नाही म्हणून गुडघा आखडत चालला. फिजिओथेरपीच्या मुलीनं समजावून पाहिलं, मग ती थोडी रागावली, आणि पेशंट सहकार्य करत नाहीत असं तिनं डॉक्टरांना कळवलं. फोनवर नातेवाईक आपापल्या ओळखीच्या बायकांची उदाहरणं द्यायचे. अमकीनं दोन्ही गुडघे केले आणि चार धाम करून आली. तमकी तर तिसऱ्या महिन्यात स्कूटी चालवायला लागली. ताई ऐकून घ्यायची आणि "हव," म्हणून फोन ठेवायची.

हळूहळू सगळ्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. एकटी बाई आहे, नोकरी संपली आहे, दिवसभर गुडघ्याकडेच लक्ष जातं, असं म्हटलं जाऊ लागलं. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर हिंदीतच देते. तिनं प्रेमानंच मावशीचा हात धरून सांगितलं, "मौसी, कभी-कभी दर्द दिमाग में बैठ जाता है. किसी को दिखा लेते हैं न." मग मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताईनं त्या एका शब्दानं न विचारता घेतल्या. ज्या बाईनं आयुष्यभर वरिष्ठांच्या टिपणीतली चूक दाखवायला मागेपुढे पाहिलं नाही, ती अशी मुकाट गोळ्या गिळताना मला पाहवत नव्हतं. त्या गोळ्यांनी ती दिवसाढवळ्या पेंगायची. झोपेतही तिचा हात गुडघ्यावर फिरत असायचा.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो ते पुरळावर काहीतरी मलम मिळावं म्हणून. त्यापलीकडे काही आशा नव्हती. बाई वयानं मोठ्या होत्या, केस पांढरे, बोलणं कमी. त्यांनी पाय नीट पाहिला, मग पाय सोडून ताईच्या चेहऱ्याकडे पाहत बसल्या. कानात काही का घालत नाही, असं त्यांनी विचारलं.

ताईनं सहज सांगितलं. लहानपणी कान टोचले तेव्हा ते पिकले. आईनं चांदीची, मग मोत्याची कुडी घालून पाहिली, प्रत्येक वेळी पाणी सुटायचं. शेवटी भोकं बुजू दिली. बाजारातल्या बांगड्या घातल्या की मनगटावर चट्टे उठायचे. घड्याळाला ती कापडी पट्टा लावायची. ब्लाउजला हूक कधी लावले नाहीत, कापडाच्या गुंड्या शिवायची. साडीला पिन लावायची झाली तर खाली रुमालाची घडी ठेवायची. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणायची, या पोरीला गरिबीचे दागिने सोसत नाहीत, आणि आम्ही हसायचो. कानातल्यांचा आणि हाडाच्या ऑपरेशनचा काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशनच्या आधी हे कोणी विचारलं होतं का, असं त्यांनी विचारलं. औषधांचं विचारलं होतं, ताई म्हणाली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नकली दागिन्यांत निकेल असतं, आणि काही लोकांच्या अंगाला ते चालत नाही. ताईच्या गुडघ्यात बसवलेला धातू मुख्यतः कोबाल्ट आणि क्रोमियमचा असतो, त्यात थोडं निकेलही असतं. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. ज्यांना दागिने चालत नाहीत, त्यांनाही बरेचदा होत नाही. पण एखाद्याला होऊ शकतं.

पाठीवर तपासणीच्या पट्ट्या लावल्या. रायपूरचा मे महिना, आणि पाठीला पाणी लावायचं नाही. ताई कूलरसमोर पालथी पडून राहायची आणि मी तिच्या मानेवरून ओला रुमाल फिरवायची. पट्ट्या काढल्या तेव्हा निकेलच्या जागी फोड आले होते आणि कोबाल्टच्या जागी लाल गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी बोटानं ती जागा चाचपली. कातडीची तपासणी म्हणजे सांध्याचा पुरावा नव्हे, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. पण इन्फेक्शन नाही, सांधा सैल नाही, बसवण्यात चूक नाही, तेव्हा आता हेच कारण धरावं लागेल.

ताई ब्लाउजच्या गुंड्या लावत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे मी खोटं नव्हती बोलून राहिली," ती म्हणाली.

आणि ती रडली. बाबा गेले तेव्हा, आई गेली तेव्हा ती घरातली मोठी म्हणून रडली नव्हती. ऑपरेशनच्या वेदनेत रडली नव्हती. तिथे, त्या छोट्या खोलीत, स्टुलावर बसून ती लहान मुलीसारखी रडली. डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

हाडांच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बराच वेळ वाचला. असं असू शकतं हे त्यांनी शिकताना वाचलं होतं, पण स्वतःच्या पेशंटमध्ये कधी पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. सबब सांगितली नाही, हसलेही नाहीत. दोन वाटा होत्या. मलमं, गोळ्या घेत हेच सोसायचं, किंवा हा सांधा काढून दुसरा बसवायचा, ज्यात निकेल, कोबाल्ट कातडीमांसाला लागणार नाही. पण दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं असतं. जुना काढताना हाड जातं. पाय किती वाकेल याची खात्री देता येत नाही. आणि इतकं करून आग थांबेलच असंही नाही.

घरी सगळे विरोधात होते. ह्यांनी ताईला समोर बसवून समजावलं की या वयात पुन्हा चिरफाड नको, निदान कारण तरी कळलं, आता औषधांनी निभावू. ह्यांचं बोलणं ताई नेहमी मानायची. त्या दिवशी तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मग शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तुम्हाले वाटते तो माझा गुडघा आहे. तो माझा नाही. माझं अंग त्याले रोज बाहेर काढाले पाहते. त्याले जाऊ द्या."

दुसरं ऑपरेशन खूप लांबलं. बाहेरच्या बाकावर ह्यांनी पेपर वाचून संपवला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केला. ताई शुद्धीवर आली, दुसऱ्या दिवशी थोडं खाल्लं, आणि डॉक्टर बघायला आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं की जो काढला तो मला दाखवाल का. ते जरा चाचरले. मग एका ट्रेमध्ये, कापसावर ठेवून, धुतलेला तो सांधा घेऊन आले.

मला वाटलं होतं काहीतरी गंजलेलं, काळवंडलेलं असेल. तो आरशासारखा चमकत होता. दोन गोल उंचवटे, मधे खाच, कुठे एक ओरखडा नाही. ताईनं हात लावला नाही, पण उशीवरून मान उचलून बराच वेळ बघत राहिली.

"केवढा सुंदर आहे गं," ती मला म्हणाली. "याचा काय दोष? माझंच अंग असं."

डॉक्टर ट्रे घेऊन गेले. मराठी त्यांना येत नव्हतं, पण ते काय ते समजले असावेत. त्या दिवशी ते तिला आंटी जी न म्हणता माताजी म्हणाले.

आग थांबली. ती थांबली हे मी आधी लिहायला हवं, कारण ताई स्वतः तेच आधी सांगायची. पुरळ आधी फिकट झालं, मग सुकलं, आणि पावसाळा संपेपर्यंत कातडीवर फक्त काळसर डाग राहिले. हात ठेवला तर गुडघा इतर अंगासारखाच लागायचा. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद झाल्या. ती पुन्हा पोटभर जेवायला लागली, माझ्या वरणात मीठ कमी आहे हे सांगायला लागली.

पण पाय वाकेना. इतके महिने न वापरलेली मांडी काठीसारखी बारीक झाली होती. व्यायाम झाले, यंत्रावर पाय ठेवून झाला. थोडा वाकायचा आणि तिथेच अडायचा. सगळा भार डाव्या पायावर येऊन तो गुडघाही गेला. त्याचं ऑपरेशन करण्याचा विषय डॉक्टरांनीच काढला, आता सगळं माहीत आहे म्हणून. ताईनं हात जोडले.

त्याच तपासणीच्या वेळी आम्ही बाहेर बसलो होतो आणि आतून आवाज येत होता. कुठल्याशा गावाची म्हातारी बाई ऑपरेशनसाठी आली होती. नकली दागिन्यांनी खाज सुटते का, हे डॉक्टर तिला मोठ्यानं छत्तीसगढीत विचारत होते, "दाई, नकली गहना पहिरे ले खजुवाथे का?" बाई म्हणाली, "हव, अब्बड़ खजुवाथे." मग कागदावर काहीतरी लिहिल्याइतकी शांतता. मी ताईकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिचा चेहरा मऊ झाला होता.

बूढापाऱ्याचं घर सोडावं लागलं. जिना अरुंद आणि उभा होता. तो तिच्या न वाकणाऱ्या पायाला जमेना. आमच्याकडे ये म्हटलं तर आमच्या घराच्या पायऱ्या रस्त्यापासूनच सुरू होतात. नोकरीत असताना तिनं नव्या रायपूरला एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, भाड्यानं द्यायचा म्हणून. तिथे लिफ्ट होती, सपाट फरशी होती. आम्ही तिचं सामान तिथे हलवलं.

नव्या रायपूरचे रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि पलीकडे बहुतेक वेळा माणूस नसतोच. मी रविवारी जायची. बस क्वचित, ती चुकली की दुसरीची वाट बघत उन्हात उभं राहायचं. ताई बाल्कनीत बसलेली असायची. खाली झाडं लावली होती, ती अजून कमरेएवढीच होती. इथे चालायला किती जागा आहे, असं ती म्हणायची. त्यात कडवटपणा नसायचा, तिला ते खरंच नवल वाटायचं. मग मला बूढापाऱ्याच्या बातम्या विचारायची. कोणाच्या मुलीचं जमलं, कोपऱ्यावरचं पोह्यांचं दुकान कोण चालवतं, तलावाचं पाणी किती उतरलं.

एका हिवाळ्यात तिनं स्वतःहून सांगितलं की तिला एकदा तिकडे न्यावं. माझ्या मुलीनं गाडी काढली. जुन्या घराखाली गाडी थांबली, पण वर जाता येईना. घरमालकाच्या सुनेनं गल्लीतच खुर्ची टाकली, वरून चहा आणला. ताई पाय सरळ पुढे करून बसली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या स्कूटर तिच्या पायाला वळसा घालून जाऊ लागल्या. ओळखीची माणसं थांबली. सगळ्यांनी गुडघ्याचं विचारलं. ती सगळ्यांना एकच सांगत होती, "आता त्रास नाही." कोणी बसा म्हटलं, कोणी जेवून जा म्हटलं. थोड्या वेळानं ती थकली आणि मला म्हणाली, "चल. आता पुरे." गाडी तलावावरून घ्यायची का, मुलीनं विचारलं. ताईनं नको म्हणून मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. हृदयानं गेली, गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी जेवून आडवी झाली होती.

बातमी कशी कळली कोण जाणे, पण हाडांच्या डॉक्टरांचा मला फोन आला. आपल्याला माताजींची नेहमी आठवण राहील, असं ते हिंदीत म्हणाले, आणि मग म्हणाले, "इतना सहा उन्होंने, पर कभी शिकायत नहीं की."

ते चांगल्या मनानं बोलत होते. मी आभार मानून फोन ठेवला. पण स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा मला तिचा आवाज ऐकू येत होता, आतून जळतंय म्हणून सांगणारा. तिनं तक्रार केली होती. वर्षभर, रोज, समोर येईल त्या प्रत्येकाजवळ केली होती.